असिस्टंटला भावाचं बोलणं कळत नाही: नवं यंत्र घेण्याआधी काय तपासायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर लगेच कळेल. पक्षाघातानंतर तुमच्या भावाचं बोलणं जड आणि संथ झालंय, डॉक्टरांनी त्याला डिसार्थ्रिया (बोलण्याच्या स्नायूंवरचा ताबा कमी झाल्यामुळे उच्चार बिघडणं) म्हटलंय. घरातल्यांना त्यांचं बरंचसं कळतं, पण फोनमधला असिस्टंट आणि स्मार्ट स्पीकर मात्र दहा वेळा सांगितलं तर दोन-तीनदाच ऐकतो. एक हात नीट चालत नसल्यामुळे दिवा, पंखा, फोन लावणं एवढं तरी आवाजावर व्हावं असं त्यांना वाटतं. आणि तुम्ही विचारलंय की रोज असिस्टंटशी बोलायचा सराव केला तर तो हळूहळू शिकेल का, की सरळ महागडं यंत्र घ्यावं.

दोन्ही गोष्टी तूर्त बाजूला ठेवा. "त्याला कळत नाही" या एका तक्रारीत तीन-चार वेगवेगळे बिघाड लपलेले असतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा असतो. कोणता बिघाड आहे ते न बघता यंत्र बदललं, तर तोच बिघाड नव्या यंत्रातही येतो.

आत काय घडतं ते बघू. पहिल्या टप्प्यात यंत्र फक्त हाक ऐकत असतं: "अॅलेक्सा", "हे गूगल", "सिरी". हे काम एक छोटंसं मॉडेल, म्हणजे आवाजाच्या नमुन्यांवरून शिकलेला प्रोग्राम, करतं. ते सतत चालू असतं आणि त्याला त्या एका हाकेपलीकडे काही कळत नाही. हाक जुळली नाही तर पुढचं काहीच सुरू होत नाही. दुसऱ्या टप्प्यात यंत्र ठरवतं की बोलणाऱ्याचं वाक्य संपलं का. साधारण अर्धा ते एक सेकंद शांतता झाली की ते "संपलं" असं धरतं आणि माइक बंद करतं. तिसऱ्या टप्प्यात आवाजाचे शब्द होतात, ज्याला आपण बोलणं ओळखणं म्हणतो. चौथ्यात त्या शब्दांवरून काय करायचं ते ठरतं. लोक सगळा दोष तिसऱ्या टप्प्याला देतात. डिसार्थ्रिया असलेल्यांच्या बाबतीत मी मात्र पहिले दोन टप्पे आधी तपासते, कारण तिथे बऱ्याचदा फुकटात आणि तासाभरात फरक पडतो.

दुसरा टप्पा किती महत्त्वाचा आहे याचा एक चांगला दाखला आहे. अडखळत बोलणाऱ्या लोकांसाठी अॅपलच्या संशोधकांनी केलेलं काम २०२३ साली प्रसिद्ध झालं. त्यांनी वाक्य कधी संपलं हे ठरवण्याची पद्धत बदलली, शब्द ओळखण्याची जुळणी थोडी फिरवली आणि पुन्हा पुन्हा आलेले शब्द गाळले. एवढ्याने बोलणं मध्येच तुटण्याचं प्रमाण ७९.१ टक्क्यांनी घटलं आणि शब्दचुकांचं प्रमाण २५.४ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आलं. बोलणारे लोक तेच होते आणि त्यांचं बोलणंही तसंच होतं.

म्हणून आधी एक छोटी चाचणी करा. भावाला खरोखर लागणारी वीस वाक्यं त्यांनाच निवडू द्या. "दिवा लाव", "पंखा बंद कर", "ताईला फोन लाव", "किती वाजले" अशी. प्रत्येक वाक्य तीनदा, पण एका बैठकीत नाही. थोडी सकाळी, थोडी दुपारच्या विश्रांतीनंतर, थोडी रात्री थकल्यावर. तुम्ही शेजारी बसून प्रत्येक वेळी चारपैकी एकच खूण करायची: यंत्र जागं झालं नाही, मध्येच तोडलं, चुकीचं ऐकलं, काम झालं. वेळही लिहा.

"मध्येच तोडलं" आणि "चुकीचं ऐकलं" यांत गोंधळ होतो, तेव्हा यंत्राने काय ऐकलं ते डोळ्यांनी वाचा. अॅलेक्साच्या अॅपमध्ये आवाजाचा इतिहास दिसतो, गूगल खात्यात "माय अॅक्टिव्हिटी"मध्ये असिस्टंटच्या नोंदी असतात, आणि सिरीच्या सेटिंगमध्ये बोललेले शब्द पडद्यावर दाखवायचा पर्याय आहे. (इतिहास जतन करणं आधी बंद केलेलं असेल तर चाचणीपुरतं चालू करा.) "स्वयंपाकघरातला दिवा लाव" म्हटल्यावर तिथे नुसतं "स्वयंपाक" दिसलं, तर यंत्राने ऐकलं बरोबर होतं, पण वाक्य संपेपर्यंत ते थांबलं नाही. "स्वयंपाकघरातला जीव लाव" दिसलं तर बिघाड ओळखण्यात आहे. वीस वाक्यं प्रत्येकी तीनदा म्हणजे साठ खुणा झाल्या, की चित्र बहुतेक स्पष्ट होतं.

जागं होण्यातच अडचण असेल तर सर्वांत सोपा उपाय म्हणजे हाक मारायचीच नाही. अॅलेक्सा असलेल्या बऱ्याच इको स्पीकरवर त्यासाठी बटण असतं, ते दाबलं की यंत्र थेट ऐकू लागतं. आयफोनवर बाजूचं बटण दाबून धरता येतं. स्पीकर भावाच्या चालत्या हाताच्या बाजूला, खुर्चीच्या किंवा पलंगाच्या उंचीवर ठेवा. भिंतीवरच्या फळीवर ठेवलेल्या स्पीकरचं बटण त्यांच्या उपयोगाचं नाही. हाकच हवी असेल तर ती बदलून बघा. अॅलेक्साला "इको", "कॉम्प्युटर", "अॅमेझॉन" असे पर्याय आहेत. "अॅलेक्सा"मध्ये "क्स" हे जोडाक्षर आहे, आणि जीभ जड झालेल्या माणसाला क वरून लगेच स वर जाणं अवघड जातं. "इको"त जोडाक्षरच नाही, पण तो शब्द आखूड असल्यामुळे घरातल्या इतर बोलण्यानेही यंत्र जागं होऊ शकतं. "अॅमेझॉन"मध्ये स्वर मोकळे आहेत आणि म आहे. ज्यांचे ओठ नीट मिटतात त्यांना तो बरा जातो. चारही हाका प्रत्येकी दहादा म्हणून बघा आणि मोजा. अंदाजावर ठरवू नका, कारण माणसाला सोपी वाटणारी हाक मॉडेललाही सोपी असेलच असं नाही.

फोनवर हाकेसाठी आवाज नोंदवून घेण्याची सोय असते. ती नोंदणी पक्षाघाताआधीची असेल किंवा घरातल्या दुसऱ्याच कुणाच्या आवाजात झाली असेल, तर पुसून आजच्या आवाजात पुन्हा करा. हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

मध्येच तोडलं जात असेल तर थांबण्याची मुदत वाढवा. आयफोनमध्ये सेटिंग्ज, अॅक्सेसिबिलिटी, सिरी या मार्गाने गेलं की "सिरी पॉज टाइम" दिसतो. त्यात नेहमीचा, जास्त आणि सर्वाधिक असे तीन पर्याय आहेत. सरळ सर्वाधिकवर ठेवा. बाजूचं बटण दाबून धरलं तर बोट उचलेपर्यंत सिरी ऐकत राहते, मग शांततेचा प्रश्नच उरत नाही. मात्र तेवढा वेळ दाबून धरण्याइतकी बोटात ताकद हवी. अॅलेक्सामध्ये "अॅडाप्टिव्ह लिसनिंग" नावाचा पर्याय आहे. तो चालू केला की बोलणं पूर्ण करायला जास्त वेळ मिळतो. मुदत वाढवली की उत्तर थोडं उशिरा येतं. घरातल्या इतरांना ते खटकेल, त्यांना आधीच सांगून ठेवा.

उपचार आणि यंत्र यांची गाठ पडते ती नेमकी इथेच. भावाला वाचा-उपचारात बहुधा सांगितलं असेल की सावकाश बोला, शब्द सुटे करा, मध्ये श्वास घ्या. माणसांशी बोलताना हे अगदी योग्य आहे, समोरच्याला खरंच जास्त कळतं. पण शब्दांमध्ये सोडलेली तीच फट यंत्राला "वाक्य संपलं" वाटते. म्हणजे शिकवल्याप्रमाणे नीट बोलायला गेलं की असिस्टंट जास्त तोडतो, आणि माणसाला वाटतं आपलं बोलणं बिघडत चाललंय. म्हणून आधी मुदत वाढवायची, मगच ते तंत्र यंत्रासमोर वापरायचं. मुदत वाढवता येत नसेल तर आज्ञा इतकी आखूड करायची की ती एका श्वासात बसेल. उपचारातली पद्धत यंत्रासाठी सोडायची नाही. माणसांना कळणं पहिलं.

आज्ञा आखूड करायला रूटीन उपयोगी पडतात. अॅलेक्सा आणि गूगल होम दोन्हीकडे तुम्ही ठरवाल त्या शब्दावर एक किंवा अनेक कामं लावता येतात. "झोपायच्या खोलीतला दिवा बंद कर आणि पंखा दोनवर ठेव" एवढं सगळं म्हणण्याऐवजी नुसतं "झोपू" म्हटलं की दोन्ही कामं व्हावीत. शब्द कसे निवडायचे ते पुढे सांगते.

त्याआधी माइक. सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं ते माइककडे. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज माइकपाशी ६ डेसिबलने वाढतो, आणि अंतर दहाव्या भागावर आणलं की २० डेसिबलने. म्हणजे दोन मीटरवरच्या स्पीकरऐवजी तोंडापासून २० सेंटिमीटरवर फोन धरला तर भावाने जराही जोर न लावता यंत्राला कितीतरी ठळक आवाज मिळतो, आणि पंख्याचा व टीव्हीचा आवाज त्या मानाने मागे पडतो. डोक्यावर बसणारा माइक असेल तर तो ओठांच्या कोपऱ्यापासून तीन ते पाच सेंटिमीटरवर, किंचित बाजूला असावा. अगदी समोर आला तर प, फ म्हणताना आणि श्वास सोडताना हवेचे फटके बसतात, आणि यंत्र त्यांनाही बोलणंच समजतं.

ब्लूटूथ हेडसेट घेत असाल तर एक तपासा. जुने हेडसेट कॉलच्या वेळी आवाज सेकंदाला ८,००० नमुन्यांवर पाठवतात, म्हणजे सेकंदात तेवढ्या वेळाच आवाज मोजतात. त्यात ४ किलोहर्ट्झच्या वरचे, म्हणजे बारीक उंच आवाज उरत नाहीत. स, श, च या वर्णांची ओळख बरीचशी त्याच वरच्या भागात असते. ज्यांचे हे वर्ण आधीच पुसट आहेत त्यांच्याकडे जे थोडं उरलंय तेही हेडसेट कापून टाकतो. निदान १६,००० नमुने देणारा हेडसेट घ्या किंवा साधा वायरवाला वापरा.

आता खरोखर चुकीचं ऐकण्याकडे येऊ. असं का होतं? ही मॉडेलं अफाट बोलण्यावर शिकलेली असतात. २०२२ साली आलेलं व्हिस्पर हे मॉडेल ६,८०,००० तासांच्या आवाजावर शिकवलं गेलं. त्याच्या तुलनेत बाधित बोलण्याचे संग्रह अगदी चिमुकले आहेत. संशोधनात वर्षानुवर्षं वापरल्या गेलेल्या टोर्गो या इंग्रजी संग्रहात डिसार्थ्रियाच्या गटात फक्त ८ जण आहेत. त्यामुळे ओळखीचं नसलेलं बोलणं आलं की मॉडेल त्याला आपल्या ठाऊक असलेल्या जवळच्या, सर्रास वापरल्या जाणाऱ्या वाक्याकडे ओढतं. ते "कळलं नाही" म्हणत नाही, काहीतरी सुसंगत वाक्य तयार करतं. ही दरी भरायला २०२२ मध्ये इलिनॉय विद्यापीठाने स्पीच अॅक्सेसिबिलिटी प्रोजेक्ट सुरू केला. अॅमेझॉन, अॅपल, गूगल, मेटा आणि मायक्रोसॉफ्ट या पाचही कंपन्या त्यात सहभागी झाल्या. तिथे आधी पार्किन्सन्स असलेल्यांचे आणि पुढे सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम, एएलएस (स्नायूंवरचा ताबा हळूहळू जाणारा आजार) असलेल्यांचे आणि स्ट्रोक म्हणजे पक्षाघात झालेल्यांचे आवाज गोळा होऊ लागले. काम मोलाचं आहे, पण सुरुवात इंग्रजीपासून झाली आहे. इतर भाषांमध्ये असा साठा उभा राहिल्याशिवाय तिथल्या लोकांना हा फायदा पुरता मिळणार नाही, आणि तो मिळावा असं मला फार मनापासून वाटतं.

तुमच्या भावाच्या बाबतीत पुढचं सगळं एका गोष्टीवर ठरेल: त्यांचं बोलणं किती स्पष्ट आहे यापेक्षा ते किती एकसारखं आहे यावर. हे घरीच तपासता येतं. एक वाक्य पाचदा, मध्ये दोन-दोन मिनिटं सोडून म्हणायला सांगा आणि फोनवर रेकॉर्ड करा. मग पाचही लागोपाठ ऐका. पाचही वेळा तेच वर्ण त्याच पद्धतीने बिघडले असतील, तर यंत्राला शिकवणं सोपं आहे, भले बाहेरच्या माणसाला त्यातलं काही कळो न कळो. प्रत्येक वेळी वेगळं बिघडत असेल, कधी फार मोठ्याने, कधी अक्षरं गिळून, कधी लय तुटून, तर शिकवूनही मर्यादा येतात. ताठरपणामुळे संथ झालेलं बोलणं बहुधा पहिल्या गटात बसतं. लहान मेंदूला इजा झाली असेल तर बोलणं बऱ्याचदा दुसऱ्या गटात जातं. स्ट्रोक मेंदूच्या कोणत्या भागात झाला हे डिस्चार्जच्या कागदात असेल, ते वाचा-उपचारतज्ज्ञांना दाखवा.

बोलणं एकसारखं असेल तर आज्ञेचे शब्द त्यांच्या उच्चारांना अनुसरून निवडा. टाळूचा मागचा भाग नीट उचलला जात नसेल तर हवा नाकातून जाते आणि ब चा म होतो, द चा न होतो. मग "बंद" हा शब्द "मंन" असा ऐकू येतो. अशा वेळी ज्या शब्दांत म, न, य, ल आणि लांब स्वर आहेत ते घ्या, कारण ते फारसे बिघडत नाहीत. जीभ वर वळत नसेल तर ट, ड, ळ, ण टाळा. श्वास अपुरा असेल तर ख, घ, भ यांसारखे महाप्राण वर्ण आणि चार-पाच अक्षरांपेक्षा लांब शब्द टाळा. आणि सगळ्यात महत्त्वाचं: निवडलेले शब्द एकमेकांपासून आकाराने वेगळे हवेत. "लाव" आणि "लांब" अशी जोडी नको. अक्षरांची संख्या वेगळी, पहिला स्वर वेगळा, शेवट वेगळा. शब्दाला अर्थ असलाच पाहिजे असं नाही. "आई", "ओहो", "मामा", "येलो" असे चार शब्द चार कामांना लावले तरी चालतं, फक्त ते घरातल्या रोजच्या बोलण्यात वारंवार येत नसावेत. "आई" घरात सतत ऐकू येत असेल तर तो लगेच बदला.

असे शब्द शिकवायची सगळ्यात थेट सोय मला आयफोनमधले व्होकल शॉर्टकट्स वाटते. ते २०२४ मध्ये आयओएस १८ बरोबर आले आणि अॅक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये आहेत. एक काम निवडायचं, त्यासाठीचा शब्द तीनदा म्हणायचा, झालं. हा शब्द भाषेच्या शब्दकोशाशी ताडून बघण्याऐवजी त्यांनीच नोंदवलेल्या नमुन्यांशी ताडला जातो. म्हणून त्यांच्या तोंडून तो जसा येतो तसाच चालतो. त्याच वेळी "लिसन फॉर अॅटिपिकल स्पीच" नावाचा पर्यायही आला. तो बोलण्यातले वेगळे उच्चार लक्षात घेऊन ओळखण्याचा प्रयत्न करतो. तोही चालू करून चाचणी पुन्हा घ्या. सुरुवात पाच-सहा शब्दांनीच करा. एकदम वीस शिकवले तर ते एकमेकांत मिसळतात आणि नेमका कोणता शब्द गोंधळ घालतोय ते कळत नाही.

पूर्ण वाक्यं ओळखून हवी असतील तर व्यक्तिगत मॉडेलकडे जावं लागतं. गूगलने २०१९ मध्ये प्रोजेक्ट युफोनिया जाहीर केला आणि २०२१ मध्ये त्यातून प्रोजेक्ट रिलेट हे अँड्रॉइड अॅप चाचणीसाठी खुलं केलं. त्यात सुरुवातीला ५०० वाक्यं रेकॉर्ड करून घ्यायची योजना होती. मग ते अॅप तुमचं बोलणं लिहून दाखवतं, स्पष्ट आवाजात पुन्हा म्हणून दाखवतं किंवा असिस्टंटला सांगतं. व्हॉइसिट ही इस्रायली कंपनीही अशाच प्रकारची व्यक्तिगत ओळख देते. ही अॅप्स कोणत्या देशात आणि कोणत्या भाषेत चालतात ते बदलत असतं. तुम्ही उतरवून घ्यायच्या आधी अॅपच्या पानावर भाषा तपासा, आणि भाऊ घरात जी भाषा बोलतात ती त्यात नसेल तर त्यांच्यावर परकी भाषा लादू नका. स्ट्रोकनंतर रोजची भाषा सोडून दुसरीत आज्ञा देणं हा आणखी एक भार असतो.

रेकॉर्डिंगला बसाल तेव्हा एका दिवसात उरकू नका. ३० ते ४० वाक्यं झाली की थांबा. ओठ कोरडे पडले, लाळ साचू लागली किंवा वाक्याचा शेवट गिळला जाऊ लागला की त्याच्या आधीच थांबायला हवं होतं असं समजा. फक्त सकाळचा ताजा आवाज रेकॉर्ड करू नका. संध्याकाळचा थकलेला आवाजही त्यात असू द्या, कारण मदतीची गरज जास्त तेव्हाच लागते. माइक आणि जागा मात्र रोज वापरायचीच असावी. एकेका माणसाच्या काही मिनिटांच्या रेकॉर्डिंगनेसुद्धा ओळख बरीच सुधारते असं प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलंय. त्यामुळे ५०० चा आकडा बघून सुरुवातच सोडू नका.

आता तुमचा मूळ प्रश्न: नुसतं रोज बोलून यंत्र शिकेल का? तसं गृहीत धरू नका. वरच्यासारखी मुद्दाम नोंदणी केल्याशिवाय, नेहमीच्या वापराने ओळखणारं मॉडेल त्यांच्या उच्चारांपुरतं आपोआप जुळवून घेत नाही. सरावाने भाऊच यंत्राला काय चालतं ते शिकतील, तेही उपयोगाचं आहे. पण "त्याला कळेपर्यंत पुन्हा म्हण" असा नियम घालू नका. दोनदा नाही ऐकलं की तिसऱ्यांदा ओरडून म्हणायचं नाही. बटण दाबायचं किंवा दुसरा मार्ग घ्यायचा. ओरडण्याने आणि अक्षर न् अक्षर तोडून म्हणण्याने बोलण्याची चाल बदलते आणि ओळख आणखी बिघडते. ताठर स्नायूंचा डिसार्थ्रिया असेल तर जोर लावल्याने गळाही आवळतो. आणि असिस्टंटच्या यशावरून त्यांचं बोलणं सुधारलं की बिघडलं हे कधीच ठरवू नका. त्याचं मोजमाप माणसांना किती कळतं यावरच व्हायला हवं.

हे उत्तर दुसरेही वाचतील म्हणून थोडं आणखी. पार्किन्सन्समध्ये आवाज खाली जातो आणि बोलणाऱ्याला स्वतःला ते जाणवत नाही. तिथे माइक जवळ आणणं आणि आवाज वाढवण्याचा एलएसव्हीटी लाउड हा उपचार (आठवड्यातून चार दिवस, चार आठवडे, एकूण सोळा बैठका) दोन्ही महत्त्वाचे. औषधाचा परिणाम ओसरल्यावरची वेळ चाचणीत धरायला विसरू नका. स्वरयंत्र काढलेल्या आणि गळ्याला लावायचं इलेक्ट्रोलॅरिंक्स वापरणाऱ्यांची अडचण उलटी असते. त्याची गुणगुण अखंड चालू राहिली तर यंत्राला वाक्य संपल्याचं कळत नाही, आणि एकसुरी असल्यामुळे गोंगाट कमी करणारी सोय तिलाच गोंगाट समजून दाबू शकते. शब्द संपताक्षणी बटणावरून अंगठा उचलायची सवय केली तर बरंच सुधारतं. अफेजियात मात्र अडचण उच्चारांची नसते, शब्दच सापडत नाही. तिथे आवाजाच्या सेटिंगमध्ये वेळ घालवू नका, चित्रांची बटणं द्या. तुमच्या भावाला डिसार्थ्रियाबरोबर थोडा अफेजियाही असू शकतो. वस्तूंची नावं चुकतात का, मनात असलेला शब्द सोडून भलताच येतो का, हे बघा आणि उपचारतज्ज्ञांना विचारा.

वाक्यं लिहून घेण्यासाठी, म्हणजे मेसेज किंवा पत्र सांगण्यासाठी, असिस्टंट वापरणार असाल तर एक धोका लक्षात ठेवा. अफेजिया असलेल्या आणि नसलेल्या लोकांचं बोलणं व्हिस्परला देऊन केलेला एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १ टक्का ठिकाणी मॉडेलने कुणीच न बोललेले वाक्यांश किंवा पूर्ण वाक्यं घातली होती, आणि बोलण्यात शांततेच्या जागा जास्त असतील तिथे हे जास्त घडलं. तेव्हा पाठवण्याआधी मजकूर वाचून दाखवायला लावा आणि भावाने मान डोलावली तरच पाठवा.

ज्यांना वाक्यं बोलणं फारच जड जातं त्यांच्यासाठी आणखी एक रस्ता आहे, आणि तो लोकांना सुचत नाही. फोनवर किंवा टॅबवर बोलून दाखवणारं साधं अॅप घ्या, त्यात बटणांवर वाक्यं भरा आणि त्या अॅपच्या आवाजालाच स्पीकरशी बोलू द्या. यंत्राचा आवाज यंत्राला चांगला कळतो. हाक आणि आज्ञा एकाच बटणावर असतील तर मध्ये स्वल्पविराम टाका, म्हणजे स्पीकरला जागं व्हायला क्षणभर मिळेल. तरीही पहिला शब्द हुकत असेल तर हाकेचं बटण वेगळं आणि आज्ञेचं वेगळं ठेवा. टॅबचा स्पीकर बोटाने झाकला जात नाही ना हेही बघा.

काही कामं मात्र आवाजावर सोपवू नका. मदतीची हाक ही त्यात सगळ्यात आधी. पडल्यावर, घाबरल्यावर किंवा श्वास लागल्यावर बोलणं नेहमीपेक्षा जास्त बिघडतं, म्हणजे नेमक्या त्याच वेळी ओळख कोलमडते. त्यासाठी मनगटावर किंवा पलंगाला बांधलेलं खरं बटण हवं. दाराचं कुलूप, पैसे पाठवणं, खरेदी यांना आवाजाखेरीज दुसरी खात्री ठेवा. फोन लावताना असिस्टंटने नाव उच्चारून विचारावं असं सेटिंग असेल तर ते चालू ठेवा, आणि संपर्कयादीतली नावं भावाला म्हणता येतील अशी बदलून घ्या. पूर्ण नाव आणि आडनावाऐवजी "ताई" किंवा "मामा" एवढंच ठेवलं तरी फोन लागतो.

क्रम एकदा सांगते. आधी चाचणी आणि तक्ता. मग माइक तोंडाजवळ. मग बटणाने जागं करणं आणि थांबण्याची मुदत वाढवणं. एवढं करून तीच वीस वाक्यं पुन्हा तीनदा. त्यानंतरही "चुकीचं ऐकलं" ही खूण जास्त दिसली तरच आखूड शब्द, व्होकल शॉर्टकट्स आणि व्यक्तिगत मॉडेल. प्रत्येक बदलानंतर दोन दिवस जाऊ द्या आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते सांगता येणार नाही. यश मोजताना वाक्य बरोबर लिहिलं गेलं का हे बघू नका, काम झालं का ते बघा. "पंका लाव" असं लिहूनही पंखा लागला तर ते यश आहे.

पुढचं नेमकं सांगण्यासाठी मला एवढं लागेल: फोन आणि स्पीकरचं मॉडेल, भाऊ कोणत्या भाषेत आज्ञा देतात, चांगला हात कोणता, आणि साठपैकी चारही खुणांची संख्या सकाळ-संध्याकाळ वेगवेगळी. रेकॉर्डिंग इथे टाकू नका, तो त्यांचा आवाज आहे. ते त्यांच्या उपचारतज्ज्ञांनाच द्या.